बैलांची ग्रीक आणि आजीची व्हिएतनामी

माझा थोरला भाऊ बैलांशी ग्रीक बोलायचा, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मला कळलं तेही मी हायफाँगहून परत आलो त्या पावसाळ्यात, चिखलणीच्या वेळी.

आमचं गाव माले. पौड सोडून मुळशीच्या धरणाकडे निघालं की रस्त्यालगतच लागतं. दादा दुसऱ्या महायुद्धात खेचरांच्या पलटणीत होता, आधी इटलीत, मग वर्षभराहून जास्त ग्रीसमध्ये. मी तेव्हा पौडच्या शाळेत होतो. तो परत आला, त्यानं नांगर धरला आणि परदेशाचा विषय संपला. पुढं मी मॅट्रिक होऊन सैन्यात वायरलेसवर लागलो. व्हिएतनामात लढाई थांबून तह झाला, तेव्हा तो पाळला जातोय की नाही हे बघायला आपल्या देशानं माणसं पाठवली, त्यांत माझा नंबर लागला. दीड-एक वर्ष हायफाँग बंदरात काढून मी घरी आलो, ते कडक इस्त्रीच्या पँटीत आणि 'हाय'च्या जागी 'आहे' म्हणत. वायरलेसच्या शाळेत माझ्या 'पानी'ला पुण्याची पोरं हसली होती. त्या दिवसापासून मी प्रत्येक 'ण' घासून पुसून उच्चारत होतो.

तर त्या दिवशी मी बांधावर छत्री धरून उभा होतो आणि दादा गुडघाभर चिखलात औत हाकत होता. बैल रेंगाळले की तो ओरडायचा, "एला, एला!" फार ओढायला लागले की, "सिगा, सिगा." आणि वळणावर, "स्तासू!" बैल जागच्या जागी थांबायचे.

मी विचारलं, "दादा, हे कुठले शब्द?"

"बैलाचे."

"दुसऱ्या कुणाचे बैल असलं ऐकत नाहीत."

त्यानं औत पुढं हाकलं. आणखी एक फेरी मारून आला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "आपली खेचरं इटलीतच मेली. नवी मिळाली ती तितली व्हती. त्यांना आपलं बोलणं कळंना. मग काय करतो? त्यांचं शिकलो."

"म्हणजे हे ग्रीक आहे?"

"हळू बोल," दादा म्हणाला.

हळू का बोलायचं ते मला नंतर वहिनीकडून कळलं. युद्धावरून आल्याआल्या त्यानं देवळाच्या पारावर हौसेनं चार वाक्यं म्हणून दाखवली होती. ऐकणारे आधी हसले, मग एक म्हातारा म्हणाला, "गोऱ्यांची खेचरं हाकून जीभ बी बाटवून आला." त्यावर सगळे दुप्पट हसले. दादा उठून घरी आला. त्यानंतर दहा वर्षं ती भाषा फक्त आमच्या बैलांनी ऐकली.

मी मात्र तसा नव्हतो. मला माझ्या व्हिएतनामीचा भारी अभिमान होता आणि ती ऐकवायला माणूस हवा होता. तो मला दादात सापडला. लावणी सुरू झाली. रोपं उपटून मुठी बांधताना आम्ही दोघं शेजारी बसायचो आणि पाऊस अंगावर घेत दोन भाषा समोरासमोर मांडायचो. घरातली बाकीची माणसं दूरच्या खाचरात असायची.

"ग्रीकमध्ये 'व्हय'ला काय म्हणतात?" मी विचारलं.

"ने."

"आणि नाहीला?"

"ओही." दादा हसायला लागला. "पयल्याच दिवशी एका म्हाताऱ्याच्या दारात गेलो. खुणेनं इचारलं, पानी हाय का? त्यो म्हनला, ने, ने. मला वाटलं, नाय नाय म्हंतोय. निघालो माघारी. तर म्हातारा तांब्या घेऊन पाठीमागं पळतोय! आन् दुसऱ्या एका घरात इचारलं तर ती बाई मान वर उडवून म्हनली, ओही. मला वाटलं, व्हय म्हंतीया. बसलो की तिच्या पायरीवर! तिनं झाडू काढला."

मग मी माझं सांगितलं. तिकडं मोठ्या माणसानं काहीही म्हटलं की लहानानं 'झा' म्हणायचं असतं. मला वाटलं, झा म्हणजे हो. एकदा आमच्या जीपच्या ड्रायव्हरनं काहीतरी विचारलं, मी झा म्हटलं, आणि जीप मला पावसात सोडून निघून गेली. झा म्हणजे नुसतं 'जी, ऐकलं', हे भिजल्यावर कळलं.

दादाला सगळ्यांत नवल वाटलं ते सुरांचं. माझ्या हातात रोपांची मूठ होती. मी म्हटलं, "ह्याला तिकडं 'मा' म्हणतात. पण आवाज खाली दाबून पटकन तोडायचा. सपाट म्हटलंस तर मा म्हणजे भूत. वर चढवलंस तर गाल. खाली नेऊन वर वळवलंस तर थडगं."

दादानं तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा भूत झालं.

"म्हंजी मी आता खाचरात भुतं लावतुया," तो म्हणाला, आणि मूठ चिखलात खोचली.

ग्रीकला सूर नाहीत, पण शेपट्या आहेत. आपल्यासारख्याच. आपण जातो, जातोस, जाते म्हणतो. कोण जातंय ते क्रियापदाच्या टोकावरनं कळतं. ग्रीकचंही तसंच. व्हिएतनामीत क्रियापद हलतच नाही. काल जा, आज जा, उद्या जा. मी जा, ती जा. काल-उद्या वेगळं सांगायचं. दादा म्हणाला, "लई सोपी हाय की मग!" आणि पुन्हा 'मा' म्हणायला गेला, आणि पुन्हा भूत.

ग्रीकला आपल्यासारखी तीन लिंगं आहेत, हे त्यानं मला सांगितलं. अर्थात लिंग हा शब्द त्याला ठाऊक नव्हता, तो म्हणाला, "तो, ती, ते, तिन्ही हायेत. आपण ते पोरगं म्हंतो, तसं तितं पोरगं बी 'ते', आन् पोरगी बी 'ते'. लगीन हुईस्तवर." व्हिएतनामीत तो-ती-ते काहीच नाही. त्याऐवजी वस्तूला जागोजाग नवा शब्द. भाताचंच बघा. शेतात उभं ते नुआ. झोडून काढलं की थॉक. कांडलं की गाव, आणि हे ऐकून दादा म्हणाला, "आपल्याच गावात असल्यासारखं वाटतंय." शिजवला की कोम. मी शेखी मिरवत म्हटलं, "बघ, किती श्रीमंत भाषा! आपल्याकडं शेतातही भात आणि ताटातही भात."

दादानं मूठ बांधून बाजूला टाकली. मग म्हणाला, "शेतात *ते* भात. ताटात *तो* भात. आपली काय गल्लत व्हती व्हय?"

 आयुष्यभर बोलत आलो होतो आणि हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

माझी भाषा मला कुणी शिकवली तेही सांगायला हवं. हायफाँगमध्ये आम्हाला मोकळेपणी फिरायला परवानगी नसे. सोबत त्यांचा अधिकारी लागे, आणि कामाचं बोलणं सगळं इंग्रजीत. आमच्या बंगल्यात स्वयंपाकाला एक म्हातारी होती. दात काळे रंगवलेली, कमरेत वाकलेली, बंदराबाहेरच्या कुठल्याशा खेड्यातली. तिनं पहिल्याच दिवशी माझ्या छातीवर बोट ठेवून म्हटलं, "चाऊ." मग स्वतःच्या छातीवर ठेवून म्हटलं, "बा." मी वहीत न लिहिता डोक्यात टिपलं: चाऊ म्हणजे मी, बा म्हणजे तुम्ही. जेवायला बसताना ती मला एक वाक्य म्हणायला लावायची आणि ते म्हटल्याशिवाय वाढायची नाही: "चाऊ मोय बा आन कोम." 'मी आपल्याला जेवायचं आमंत्रण देतो,' असा त्याचा अर्थ मी लावला. तिच्याशी बोलून बोलून मी एवढा तयार झालो की संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही तासतासभर गप्पा मारायचो. मला त्या भाषेत स्वप्नंही पडत. आमच्या सोबतचा अधिकारी कधीकधी मी बोलताना हसायचा. मला वाटायचं, कौतुकानं हसतोय.

मी परतल्याच्या दुसऱ्या वर्षी, भाताच्या लोंब्या भरत आल्या होत्या तेव्हा, तालुक्यात बातमी आली की व्हिएतनामहून शेतीतली काही माणसं आपल्याकडचं भात बघायला येणार आहेत. धरण बघणार, मग माल्यातलं आंबेमोहोराचं शेत बघणार. त्यांच्यासोबत इंग्रजी जाणणारा त्यांचा दुभाषा असणार होता. पण तालुक्याच्या विकास ब्लॉकमधल्या साहेबांना कुणीतरी माझं नाव सांगितलं. ते खुशीत आले. "आपल्याच तालुक्यातला शेतकऱ्याचा मुलगा पाहुण्यांचं त्यांच्या भाषेत स्वागत करणार! वरपर्यंत नाव होईल."

मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायचं मनातही आलं नाही. आठ दिवस आधीपासून मी गावभर सांगत सुटलो होतो. दादा एवढंच म्हणाला, "जरा बेतानं."

"तुझ्यासारखं बैलांपुढं बोलू का?" मी म्हटलं. तो गोठ्यात निघून गेला.

कार्यक्रमाला शाळेपुढं मांडव घातला होता. माले तर सगळं आलंच, पण ताम्हिणीकडून खाली उतरलेले धनगरही शेळ्या पलीकडं सोडून येऊन बसले. कर्णा लावला होता. पाहुणे पाच-सहाच होते. त्यांचे प्रमुख माझ्या वडिलांच्या वयाचे, ताठ बसलेले, कपाळावर आठी. एक विशी-पंचविशीची मुलगी होती, भाताच्या बियाण्याचं काम करणारी. बाकीचे मधल्या वयाचे पुरुष. साहेबांनी माझी ओळख करून दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कर्ण्यापुढं गेलो, प्रमुखांकडं वळून हात जोडले आणि होता नव्हता तेवढा मान आवाजात ओतून म्हणालो,

"बा, चाऊ मोय बा आन कोम!"

आणि मग थांबलो नाही. आमच्या गावात आपण आलात, मला आनंद झाला, आमचं भात बघा, माझं घर जवळच आहे. प्रत्येक वाक्यात चाऊ आणि बा, चाऊ आणि बा. मुलीकडं वळून तिलाही बा म्हटलं.

प्रमुखांचा चेहरा आधी कोरा झाला. मग मधल्या वयाचा एकजण खाली बघून खांदे हलवायला लागला. दुसऱ्यानं रुमाल काढला. त्या मुलीनं तोंडावर हात धरला आणि ती माझ्याकडं डोळे विस्फारून बघत राहिली. दुभाष्यानं साहेबांच्या कानात इंग्रजीत काही सांगितलं. साहेब सरळ मनाचे होते, त्यांना काहीच लपवता येत नसे. कर्णा चालू आहे हे विसरून ते मोठ्यानं म्हणाले,

"काय? आजी म्हणाला? ह्यांना आजी म्हणाला?"

 साहेबांना थांबता आलं नाही. "आणि स्वतःला नातू! हा म्हणतोय, आजी, नातवाचं ऐक, जेवायला चल!"

मग जे हसू फुटलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. माझी आई बायकांत बसली होती. तिला काय झालं ते कळलं नव्हतं, पण सगळे हसतायत म्हणून तीही हसत होती, आणि मग माझा चेहरा बघून थांबली. ते थांबणं मला हसण्याहून जास्त लागलं.  मी कर्ण्यापुढून वळलो. बाजूला पाहुण्यांसाठी खुर्च्या होत्या, त्यांतली एक माझ्या पायात आली, ती पडली, आणि पुन्हा हसू. मी मांडवाच्या मागून बाहेर पडलो आणि बांधाबांधानं नदीच्या बाजूला चालत सुटलो.

थोड्या वेळानं मागून चिखलात पाय पडल्याचा आवाज आला. दादा होता. त्यानं मला गाठलं नाही. चार हात मागं राहून चालत राहिला. नदीच्या काठाला मी बसलो तसा तोही बसला.

मग तो म्हणाला, "मी ग्रीकमधला पयला सबूद कंचा शिकलो, ठाव हाय?"

मी पाण्याकडंच बघत होतो.

"द्रोपी. द्रोपी म्हंजी लाज. पयल्या हप्त्यात एका गावात खेचरं उभी केली व्हती. एक बाई दारात, तिची पोरं खेचराजवळ येऊ लागली. लाथ मारंल म्हून मी हात असा केला." त्यानं पाचही बोटं ताणून तळवा माझ्या तोंडासमोर धरला. "थांबा, म्हून. तर ती बाई वरडाय लागली. द्रोपी! द्रोपी सू! घरातला म्हातारा बाहेर आला, त्यो थुकला. त्या मुलखात असा पंजा दावणं म्हंजी तोंडाला शेण फासणं. मला काय ठाव? चार दिस मी हात खिशातनं काढला न्हाई."

"मग?"

"मग काय. म्हाताऱ्याला समजलं, ह्यो येडा हाय, वाईट न्हाई. त्यानंच शिकवलं पुढं." दादा पाण्यात खडे टाकत होता. "मला लाज वाटते, ह्याला म्हंत्यात द्रेपोमे. तुला वाटते, द्रेपेसे. त्याला वाटते, द्रेपेते. एका सबदात सगळं. लाज बी आन् कुणाला ते बी."

मी म्हटलं, "आपण 'मला लाज वाटते' म्हणतो. लाज बाहेरून येऊन वाटते."

"तुझ्या भाषेत काय?"

"साऊ हो."  बांधावर लाजाळू पसरलं होतं. मी त्याला बोट लावलं, पानं मिटली. "ह्या झाडालाही तिकडं साऊ होच म्हणतात. आजीनं दाखवलं होतं." आणि तोंडातून 'आजी' गेलं तसं मला रडू आलं. दीड वर्षं ती मला नातू म्हणत होती, आणि मी ते 'मी' समजत होतो. तिनं मला नातं दिलं होतं आणि मी त्यातून व्याकरण काढलं होतं.

दादा माझ्या पाठीवर हात ठेवणाऱ्यांतला नव्हता. तो म्हणाला, "ऊठ. गुरं बांधायची हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. पाहुण्यांनी धरणाच्या बंगल्यावर चहाला बोलावलं होतं. मी पोटमाळ्यावर जाऊन बसलो आणि वहिनीला सांगितलं, घरी नाही म्हण. दादा शिडीखाली उभा राहून म्हणाला, "पाव्हणं बोलवत्यात आन् तू घरात दडतुयास? कालची लाज तुझी व्हती. आज न्हाई गेलास तर समद्या गावाची हुईल." मी उतरलो. तोही माझ्यासोबत जीपमध्ये बसला, धुतलेलं धोतर नेसून.

बंगल्यावर प्रमुखांनी मला समोर बसवलं. दुभाषा इंग्रजीत सांगत होता, मी दादाला मराठीत सांगत होतो. प्रमुखांनी विचारलं, कुणी शिकवलं? मी सांगितलं. त्यांनी विचारलं, तिनं काय काय शिकवलं? मी भीतभीत दोन-चार वाक्यं म्हटली. ती रोज विचारायची ते, "चाऊ आन कोम चुआ?" म्हणजे, बाळा, जेवलास का? ते ऐकून त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

मग त्यांनी मला सावकाश समजावलं. त्यांच्या भाषेत सगळ्यांपुढं चालेल असा एक 'मी' नाही. मोठ्या भावापुढं मी वेगळा, काकांपुढं वेगळा, आजीपुढं वेगळा. समोर कोण आहे ते ठरल्याशिवाय आपण कोण ते ठरत नाही. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, म्हणून त्यांच्यापुढं मी चाऊ म्हटलं ते बरोबरच होतं. चुकलं ते 'बा'. त्यांना काका म्हणायचं होतं. आणि ती मुलगी माझ्याहून लहान, तिच्यापुढं मी थोरला भाऊ.

दादानं हे लक्ष देऊन ऐकलं. "आपल्यात देवापुढं बी मी आन् कुत्र्यापुढं बी मी," तो म्हणाला. "तितं 'मी' म्हणाया बी समोर कुणीतरी लागतंय."

मी ते इंग्रजीत सांगितलं, दुभाष्यानं त्यांना. प्रमुख दादाकडं बघून हसले. मला मात्र अजून मान वर करवत नव्हती, कारण त्यांचं संपलं नव्हतं. ते म्हणाले, आणखी एक सांगतो, राग नको. तुम्ही 'ल'च्या जागी 'न' म्हणता. उभ्या भाताला 'लुआ' म्हणायचं, तुम्ही 'नुआ' म्हणता. बंदराकडच्या खेड्यांत तसं बोलतात. शहरात त्याला हसतात.

म्हणजे काल मांडवात पाहुण्यांना हसू फुटलं ते नुसतं आजीचं नव्हतं. हजारो मैल लांब जाऊन मी पुन्हा 'पानी'च शिकून आलो होतो. 'हाय'चं 'आहे' करताना ज्या लाजेनं मी जीभ घासली, तीच लाज तिकडं त्या म्हातारीच्या बोलण्याला चिकटलेली होती, आणि तिनं ती मला नकळत दिली होती. आता ते 'न' मी टाकावं की ठेवावं? मला तेव्हा कळलं नाही. मी फक्त "झा" म्हटलं.

चहानंतर सगळे शेत बघायला खाली आले. आंबेमोहोराच्या वासानं पाहुणे बांधावरच थांबले. ती मुलगी वाकून एक लोंबी हातात घेऊन दाणे चाचपत होती. मी जवळून जात होतो. तिनं मागं वळून बघितलं, आपली माणसं लांब आहेत ना म्हणून. मग लोंबी माझ्याकडं धरून हळूच म्हणाली, "नुआ."

आणि लालबुंद झाली, आणि घाईघाईनं पुढं गेली.

पाहुणे गेले. साहेबांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही. गावानं मात्र माझं नाव बदललं. त्या दिवसापासून मी 'नातू'. पारावर नातू, पिठाच्या गिरणीत नातू, लग्नाच्या पंगतीत "नातवाला वाढा". माझं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांनी विचारलं की हे आडनाव आहे का. पहिली काही वर्षं तो शब्द कानावर पडला की मला मांडवातली पडलेली खुर्ची दिसायची. मी व्हिएतनामी बोलणं सोडलं. दादाचं उलट झालं. त्यानं पारावर पुन्हा ग्रीक काढली. कुणी मला 'नातू' म्हणून चिडवलं की तो त्याला ग्रीकमध्ये काहीतरी सुनवायचा, आणि काय म्हणाला ते कुणालाच कळायचं नाही. मला सांगायचा, "आदेल्फे, गप बस." आदेल्फोस म्हणजे भाऊ, हाक मारताना शब्द वाकतो, आपल्या 'भाऊ'चं 'भावा' होतं तसा. व्हिएतनामी शब्द हाकेला वाकत नाही, हे मी त्याला फार पूर्वी सांगितलं होतं. तरी तो मला ग्रीकमधूनच भाऊ म्हणायचा.

आणि मग साठच्या दशकातली मधली वर्षं आली. रस्त्याकडेच्या दुकानात रेडिओ आला होता. संध्याकाळी बातम्यांना दहा-बाराजण जमायचे. एका संध्याकाळी बातम्यांत हायफाँग म्हटलं. बंदरावर बॉम्ब टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं. गावात कुणाला ते नाव ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण माझ्या फुशारकीच्या दिवसांत मी ते सगळ्यांना पाठ करून ठेवलं होतं.

दुकानदारानं रेडिओ बारीक केला. "नातू," तो म्हणाला, आणि त्या दिवशी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, "तुझी आजी तितलीच ना रं?"

"हो."

"हाय का अजून?"

"माहीत नाही."

"नाव काय तिचं?" दुसऱ्यानं विचारलं.

 मला तिचं नाव माहीत नव्हतं. दीड वर्षं तिच्या हातचं जेवलो, आणि तिचं नाव मी एकदाही विचारलं नव्हतं. विचारायची वेळच आली नव्हती. बा म्हटलं की ती वळायची. भाषा शिकवणाऱ्या त्या ग्रीक म्हाताऱ्याच्या घरातल्या प्रत्येकाचं नाव दादाला येत होतं, सरळ कसं आणि हाक मारताना कसं, तेसुद्धा. वीस वर्षांनी तो ती नावं घेऊन ती माणसं कशी असतील म्हणायचा. माझ्याकडं घ्यायला नावच नव्हतं. मांडवात मला वाटली होती ती लाज लोकांनी दिलेली होती, त्यांच्याबरोबर ती जायचीही. ही कुणी दिली नव्हती. दुकानात कुणी हसलं नाही.  मी चप्पल घालून बाहेर पडलो.

घरी आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर टेकलो. थोडा वेळ मीही खडे वेचले. मग विचारलं,

"आई, आपल्या आजीचं नाव काय होतं गं? दादाच्या नि माझ्या. तुझ्या सासूचं."

आईनं सुपातला हात थांबवला. आठवून बघितलं.

"सासरचं का माहेरचं?" तिनं विचारलं.

"दोन्ही सांग."

सासरचं तिनं सांगितलं. माहेरचं तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.